टॉवर नसलेल्या धावपट्टीवर सगळ्यांनी रेडिओवर जागा सांगितली की पुरतं का?

नाही पुरत. टॉवर नाही म्हणजे 'उतर', 'थांब' असं वैमानिकांना सांगणारं कुणी नसतं. तुमचा मुलगा वैमानिक व्हायला निघालाय आणि तुम्ही विचारताय की प्रत्येकजण रेडिओवर आपली जागा सांगतो तर टक्कर होईलच कशी, शिवाय ट्रॅफिक दाखवणारी स्क्रीन घेऊन द्यावी का. रेडिओवर सांगितलं की झालं, हीच समजूत एका ज्येष्ठ कॅप्टननी मला तोंडावर ऐकवली होती, म्हणून लिहितेय.

मी सोलापूरची, पण शिकले दुसरीकडे, टॉवर नसलेल्या एका छोट्या धावपट्टीवर. सेस्ना १७२ या छोट्या विमानात डाव्या हाताचं सर्किट, म्हणजे डावीकडे वळत धावपट्टीभोवती चौकोनी फेरी, चालू होतं, शेजारी शिकवणारे सर. आम्ही डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर पण उतरण्याच्या उलट दिशेने जाणाऱ्या बाजूवर असताना हे कॅप्टन दोन इंजिनांचं विमान घेऊन आले. 'फाइव्ह माइल्स, स्ट्रेट-इन', म्हणजे पाच मैलांवरून फेरी न मारता सरळ उतरायला येतोय, एवढं बोलून गप्प. सेस्नाच्या वेगाने पाच मैल म्हणजे तीन मिनिटांहून जास्त, आरामात उतरून बाजूला होता येतं. १८० नॉटने, म्हणजे ताशी १८० सागरी मैलांनी येणाऱ्याला तेच अंतर १०० सेकंदांचं. विमान कुठे दिसेना, म्हणून मी बेसला, म्हणजे धावपट्टीच्या रेषेकडे नेणाऱ्या आडव्या बाजूला, वळलेच नाही, डाउनविंड लांबवत राहिले. सरही काचेला डोळे लावून शोधत होते. मग ते डावीकडून, आमच्या खालून सुसाट गेलं. वेळेवर वळले असते तर आम्ही त्याच रेषेवर असतो.

खाली उतरल्यावर कॅप्टन म्हणाले, "मी कॉल दिला होता ना? उगाच सर्किट बिघडवलंत." सर गप्प राहिले, ते मला आजही खुपतं.

कॉल तर कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिललाही दिले होते. १८ ऑगस्ट २०२२ ला तिथे सर्किटमधल्या सेस्ना १५२ वर सरळ फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर येणारं मोठं, वेगवान सेस्ना ३४० आदळलं. दोघंही एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलत होते. तू फार वेगात मागून येतोयस, असं लहान विमानवाला म्हणालासुद्धा. तिघं गेले. अमेरिकेतच क्विन्सीला १९९६ साली उतरणाऱ्या विमानाने धावपट्टीवर कुणी आहे का विचारलं, उत्तर तिसऱ्याच विमानाने दिलं, ते निघायच्या तयारीतल्या विमानाचं समजलं गेलं आणि ती दोन्ही विमानं आदळली. १४ माणसं गेली.

तेव्हा मुलाला सांगा, डाव्या बेसवर सगळे डावीकडे धावपट्टी बघतात, सरळ येणारा मात्र उजवीकडून येतो. तिकडे बघायचं. काचेवर एखादं विमान एकाच जागी थांबून नुसतं मोठं होत असेल तर ते अंगावरच येतंय. सेस्नाचे पंख वर असतात, वळताना आतला पंख खाली येऊन नेमकी वळायची बाजू झाकतो, म्हणून वळायच्या आधी बघून घ्यायचं. कॉलमध्ये विमानाचा प्रकारही सांगायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वेगाचा अंदाज येतो.

आमच्या सोलापुरात विमानतळ म्हटलं की कारखान्याची चिमणी, विमानांच्या वाटेतला अडथळा. सिद्धेश्वर साखर कारखान्याची ती चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, त्याआधी कित्येक वर्षं गाव त्यावर भांडलं. पण चिमणी जागची हलत नाही, नकाशावर दाखवता येते. हलणाऱ्या विमानाबद्दल इथे कुणी विचारत नाही, आणि जीव त्यातच जातो.

स्क्रीनचं म्हणाल तर जे विमान सिग्नल पाठवत नाही ते तिच्यावर दिसत नाही.

हो, स्ट्रेट-इन येणं हा गुन्हा नव्हे. इंजिन रुसलं असेल तर सरळच यावं, आणि मोठ्या विमानांना सर्किट कधीकधी खरंच गैरसोयीचं असतं. उतरणाऱ्यांत जो खाली असतो त्याचा हक्क पहिला, हाही नियम आहे. पण तोच नियम म्हणतो की त्या जोरावर दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही. हे दुसरं वाक्य कॅप्टननी त्या दिवशी सोयीने गाळलं. तुमच्या मुलाला कुणी 'मी कॉल दिला होता' म्हणालं, तर त्याने सरळ विचारावं, "सर, कॉल दिल्यावर मी तुम्हाला दिसलो होतो का?"