उपालीपासून सुरुवात कर

प्रिय मित्रा,
सप्रेम जयभीम.

वेगवेगळ्या धर्मांच्या दोस्तांना जमवून बौद्ध वाङ्मय वाचायचं ठरवलंस, छान. पण सुरुवात धम्मपदाने नको. ४२३ गाथा, बहुतेक सुट्या वाचता येणाऱ्या. वैराने वैर शमत नाही, ही पाचवी गाथा वाचली की ‘आमच्यातही हेच सांगितलंय’ म्हणत सगळे माना डोलावतात आणि चहा पिऊन घरी जातात.

मज्झिमनिकायातलं, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहातलं, ५६वं उपालिसुत्त घे. स्थळ नालंदा. आधी निगंठ, म्हणजे जैन, साधू दीघतपस्सी बुद्धांना सांगतो, आम्ही ‘कर्म’ म्हणत नाही, ‘दंड’ म्हणतो. भाषांतरात दोन्हींना ‘पाप’ करून टाकू नकोस, वादच नाहीसा होईल. काया, वाचा, मन या तीन दंडांत निगंठांच्या मते कायदंड, म्हणजे शरीराचा, सर्वांत भारी, बुद्धांच्या मते मनाचं कर्म. मग निगंठ नातपुत्तांचा, म्हणजे महावीरांचा, श्रीमंत उपासक उपाली वाद घालायला येतो आणि त्याला बुद्धांचं पटतं. तो शरण जायला निघतो, तर बुद्ध म्हणतात, नीट विचार कर. शिवाय तुझं घर निगंठांसाठी पाणवठ्यासारखं आहे, त्यांची भिक्षा बंद करू नकोस. मत बदललं, तरी ताट चालूच. इथे थांब आणि गटाला बोलू दे.

शेवट मात्र आधी एकट्याने वाच. नातपुत्तांच्या तोंडून गरम रक्त पडलं, असं तिथे लिहिलंय. गटात कुणी जैन असेल तर आदल्या दिवशीच सांगून ठेव की ही बौद्धांची, एका बाजूची नोंद आहे. तो भाग गाळू नकोस. कुणी मूळ उघडून पाहिलं तर पुढच्या वाचनावरचा विश्वास गेलाच. तीन दंडांबद्दल जैन परंपरा काय म्हणते, तेही जैनांच्याच तोंडून येऊ दे.

सहा-आठ जण, दीड तास, दोन पानं पुरेत. मोठ्याने वाचा. आधी ‘इथे काय म्हटलंय’, नंतर ‘आमच्याकडे काय आहे’. क्रम उलटला की जो तो आपापल्या धर्माचं वकीलपत्र घेतो.

दुसऱ्या बैठकीला कालामसुत्त, म्हणजे काय मानावं आणि काय नाही याबद्दल बुद्धांनी कालाम लोकांना केलेला उपदेश. ‘ग्रंथात आहे म्हणून मानू नका’ एवढंच तोडून दुसऱ्याच्या ग्रंथावर फेकायची खोड आपल्याच लोकांत फार. त्याच यादीत ‘हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणूनही नको’ असं आहे, आणि पुढे जाणत्यांचं मत विचारात घ्यायलाही सांगितलंय. पूर्ण यादी फळ्यावर लिही, आणि ती गुरूची ओळ आपल्यापैकीच कुणाला तरी वाचायला दे.