चढावर आणि पावसात मिसिंग करणारी कार्बोरेटरची मारुती 800

तुमचं वर्णन असं: 1996 ची मारुती 800, गार इंजिनावर ठीक चालते, दहा-पंधरा किलोमीटर झाले की चढाला मिसिंग करते, म्हणजे मध्येच एखादा सिलिंडर पेट न घेता झटके देते, पावसात जास्तच. नवे प्लग टाकून झाले, कार्बोरेटर दोनदा साफ झाला, फरक शून्य. आता मेकॅनिक कार्बोरेटरच बदला म्हणतो आहे. कृपा करून एवढ्यात बदलू नका. ही लक्षणं पेट्रोलपेक्षा करंटकडे, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या विजेकडे, जास्त बोट दाखवतात.

चढाला ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं आणि दाब वाढतो. त्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. व्होल्टेज चढलं की करंट दुसरी सोपी वाट शोधतो: वायरचं तडकलेलं रबर, प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाच्या, म्हणजे कॅपच्या, आतली कार्बनची बारीक रेघ किंवा त्यात फिरणाऱ्या रोटरला पडलेलं टाचणीएवढं भोक. ओल धरली की ही वाट आणखी सोपी होते. सपाट रस्त्यावर एवढ्या व्होल्टेजची गरजच पडत नाही, म्हणून गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी चालते.

पेट्रोल कमी पडतं तेव्हा ताकद हळूहळू मरते, पाय सैल सोडला की थोड्या वेळाने परत येते. करंटचा झटका तुटक असतो, क्षणात जातो आणि क्षणात येतो. पुढच्या वेळी चढावर एवढंच नीट लक्ष देऊन बघा.

आता खरी तपासणी. क्लॅम्पवाली टायमिंग लाइट मिळवा (वायरमधून करंट गेला की दर वेळी लुकलुकणारा दिवा). गाडी चांगली तापवून आणा, न्यूट्रलमध्ये ठेवा आणि क्लॅम्प कॉइलकडून (बॅटरीचं व्होल्टेज वाढवून ठिणगीला देणारा भाग) कॅपच्या मध्यभागी येणाऱ्या वायरवर लावा. मदतनीसाला ॲक्सिलरेटर झटक्याने दाबून सोडायला सांगा. मिसिंग होत असताना लाइटही चुकत असेल, तर दोष कॉइल किंवा त्याच्या अलीकडचा: पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारा स्विच), त्याचा कंडेन्सर, इलेक्ट्रॉनिक असेल तर पॉइंटऐवजी तेच काम करणारा इग्नायटर, वायरिंग. इथे लाइट सलग असेल, तर क्लॅम्प एकेका प्लगच्या वायरवर न्या. एकाच वायरवर चुकली तर ती वायर किंवा कॅपमधला तो खांब बघा. तिन्ही प्लगच्या वायरींवर आलटूनपालटून चुकली तर रोटर. मात्र प्लगवायरचा करंट वाटेत बॉडीला उतरत असला तरी लाइट लागतच राहते. म्हणून झाडांना पाणी मारायच्या स्प्रेने वायरींवर आणि कॅपवर बारीक तुषार मारा, तेही अंधारात. निळ्या ठिणग्या दिसल्या की जागा सापडली. हे करताना हात आणि बाह्या फॅनबेल्टपासून लांब ठेवा. चालू इंजिनावर प्लगची वायर हाताने उपटून बघायची सवय मात्र सोडा. शॉक बसतोच, शिवाय इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर असेल तर उघड्या वायरमुळे कॉइल आणि इग्नायटर दोन्ही जाऊ शकतात.

तापल्यावरच त्रास होतो, म्हणून कॉइलवर माझा संशय आहे. गरम असतानाच मल्टिमीटरने मोजा. प्रायमरी साधारण 1 ते 3 ओहम, सेकंडरी 8 ते 13 किलोओहमच्या आसपास यावी. पण आकडे बरोबर आले म्हणून कॉइल निर्दोष ठरत नाही, कारण आतलं इन्शुलेशन फक्त उच्च व्होल्टेजला फुटतं. खात्रीची, त्याच जातीची दुसरी कॉइल लावून तोच चढ चढून बघणं, हाच पक्का पुरावा.

पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर असेल तर पॉइंट उघडून बघा. तोंडं निळी-काळी जळाली असतील किंवा एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकडी झाली असेल, तर पॉइंटबरोबर कंडेन्सरही बदला. गॅप फिलर गेजने 0.4 ते 0.5 मि.मी., आणि गॅप बदलला की टायमिंग (ठिणगीची वेळ) पुन्हा लावायलाच हवं. इलेक्ट्रॉनिक असेल तर पिकअपचा (पॉइंटच्या जागी असलेल्या सेन्सरचा) गॅप 0.2 ते 0.4 मि.मी. प्लगचा गॅप 0.7 ते 0.8. नवा प्लगसुद्धा मोजूनच बसवा.

एक जागा बहुतेक जण विसरतात. डिस्ट्रिब्युटरच्या आतली बारीक वायर व्हॅक्यूम ॲडव्हान्सबरोबर (इंजिनच्या हवेच्या ओढीने आतली प्लेट फिरवून ठिणगीची वेळ पुढेमागे करणारा भाग) सतत हलते. वर्षानुवर्षं वाकून ती कातड्याच्या आत तुटते, बाहेरून मात्र धडधाकट दिसते. ॲक्सिलरेटर कमी-जास्त केला की प्लेट फिरते आणि करंट तुटतो. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि गाडी चालवा. मिसिंग थांबलं तर ही वायर किंवा सैल झालेली प्लेट दोषी. दुरुस्ती अगदी स्वस्तातली, पण वायर मऊ, अनेक तारांची हवी; जाड कडक वायर टाकली तर पुन्हा तुटेल.

हे सगळं निर्दोष निघालं तरच पेट्रोलकडे वळा: फिल्टर, पंपाचा डायफ्रॅम, फ्लोट चेंबरमध्ये साचलेलं पाणी. आयडलला थरथर आणि वेगात ठीक असं असेल तर कार्बोरेटरखालच्या गॅस्केटमधून हवा ओढली जात असते, पण तुमचं उलटं आहे. एकच सिलिंडर सतत कमजोर वाटला तर कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्हचा गॅप तपासा.

तोवर मिसिंग करत गाडी लांब दामटू नका. एप्रिल 1995 पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर स्वच्छ करणारा डबा) सक्तीचा झाला. तुमची गाडी तिथली असेल तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो लालभडक तापतो आणि आतली जाळी वितळून सायलेन्सर तुंबतो. मग करंटचा दोष काढल्यावरही गाडी चढाला दम तोडेल.