ज्वलनशील की ज्वालाग्राही?

वास्कोच्या एका वाचकाने विचारलंय: टँकरवर कधी 'ज्वलनशील' असतं, कधी 'ज्वालाग्राही'. दोन्ही एकच का? आणि कच्च्या तेलाला कुठला शब्द लावायचा?

रोजच्या बोलण्यात दोन्ही एकाच अर्थाने चालतात. पण घडण पाहा. 'शील' म्हणजे स्वभाव. जळणं हा ज्याचा स्वभाव ते ज्वलनशील. सुकी चुडतं, करवंट्या, लाकूड सगळं त्यात आलं. 'ग्राही' म्हणजे घेणारं, ज्वाला जवळ येताच ती धरणारं. आपण 'पेट घेतला' म्हणतो, त्यातलं 'घेणं' हेच. हा फरक जपावा असं मला मनापासून वाटतं, कारण इंधनांच्या बाबतीत तो खरोखरच आहे.

तेल पेटतं म्हणजे त्यावरची वाफ पेटते. ठिणगीने क्षणभर भडकण्याइतकी वाफ ज्या तापमानाला सुटते, तो फ्लॅश पॉइंट. पेट्रोलचा शून्याखाली सुमारे ४० अंश, म्हणजे गोव्यात ते बारा महिने ज्वालाग्राही. घासलेटसाठी आपल्या मानकाची अट किमान ३५ अंशांची, भट्ट्यांत जाळायच्या जड फर्नेस ऑइलसाठी ६६ अंशांची. फर्नेस ऑइल ज्वलनशील खरंच, पण तापवल्याशिवाय ज्वालाग्राही नव्हे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यातले वर्गही याच मापावर बेतलेत: २३ अंशांखाली पहिला, ६५ पर्यंत दुसरा, ९३ पर्यंत तिसरा.

फ्लॅश पॉइंटला 'ज्वलनांक' मात्र म्हणू नये. ज्वलनांक म्हणजे ठिणगीविना आपोआप पेटण्याचं तापमान, आणि ते डिझेलचं पेट्रोलपेक्षा कमी असतं. म्हणून तर डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेतच ते पेटतं.

आता कच्चं तेल. ते एकाच जातीचं नसतं. मुंबई हायसारखं हलकं तेल ताजं असताना ज्वालाग्राही. डांबरासारखं जड तेल नुसतं ज्वलनशील. शिवाय तेच तेल समुद्रावर सांडलं की हलका भाग उडून जातो. पावसाळ्याच्या तोंडावर कोलव्याला, मोरजीला पायांना चिकटणारे डांबरगोळे हा त्याचाच उरलेला गाळ. त्यांना मी ज्वलनशीलच म्हणेन.

उलट, ऑक्टोबर २०१९ मध्ये 'नू शी नलिनी' हे जहाज दोना पावलाजवळ खडकात रुतलं, तेव्हा त्याच्या पोटात नाफ्था, म्हणजे पेट्रोलसारखं हलकं तेल, होतं. त्याला 'ज्वलनशील' पुरत नाही. तिथे 'ज्वालाग्राही'च हवं.