लंडनहून एका दिवसात जाऊन येता येईल अशी, पबपासून निघून पबलाच संपणारी सोपी गोल वाट कोणती? (आईवडील सोबत आहेत.)

ससेक्समधलं ईस्ट डीन. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकाहून ईस्टबोर्नपर्यंत रेल्वेने साधारण दीड तास, तिथून ब्रायटनकडे जाणारी 12 नंबरची बस. हमरस्त्यावर उतरून थोडं खाली गेलं की गावचं हिरवळीचं मैदान आणि त्याच्या कडेला टायगर इन हा पब. गाडी असेल तर पबमागेच वाहनतळ आहे.

पूर्ण फेरी साडेसहा-सात किलोमीटरची. आईवडिलांच्या चालीने तीन तास धरा.

बरेच जण आधी समुद्राकडे जातात. मी उलट सांगेन: आधी वरचं फ्रिस्टन गाव. इथे वारा बहुतेक नैऋत्येचा, त्यामुळे कड्यावर तो पाठीशी राहतो, आणि दमवणारा चढ पाय ताजे असतानाच संपतो. वाहनतळामागचा गवताळ चढ थेट फ्रिस्टनच्या चर्चपर्यंत जातो. तिथलं टॅप्सेल फाटक मधल्या खांबावर फिरतं. असली फाटकं ससेक्समध्येच आढळतात. चर्चजवळच्या तळ्यापासून क्रोलिंकचा रस्ता धरा. पुढे वस्ती ओलांडून कुरणातून उतरत कड्यापाशी पोचाल. तिथे डावीकडे वळा.

इथून बर्लिंग गॅप या किनाऱ्यावरच्या वस्तीपर्यंत सेव्हन सिस्टर्सपैकी (समुद्राकाठच्या पांढऱ्या खडूच्या कड्यांची रांग) शेवटच्या टेकड्या लागतात. उंची फार नाही, पण प्रत्येक उतारानंतर लगेच चढ, त्यामुळे गुडघे बोलतात. चालण्याची काठी घ्याच. कड्यापासून निदान पाच मीटर आत राहा. लाटा खडूचा पाया खालून पोखरतात, वरची कडा अधांतरी राहते आणि वरून पाहताना ते कळत नाही. कडा सतत मागे सरकतोय. बर्लिंग गॅपचं कोस्टगार्डचं एक जुनं घर 2014 मध्ये पाडावं लागलं. फोटोसाठी कडेला बसणारे दिसतील, त्यांचं अनुकरण नको.

बर्लिंग गॅपला नॅशनल ट्रस्टचं कॅफे आणि स्वच्छतागृह आहे. किनाऱ्यावर उतरायला जिना आहे, पण तो कधीकधी बंद असतो. परतताना आलात त्याच वाटेने थोडं मागे जा आणि आतल्या बाजूला वेंट हिलकडे फुटणारी वाट घ्या. ती थेट गावात उतरते. पावसानंतर हा शेवटचा उतार फार निसरडा होतो. ओला खडू बुटाच्या तळाला लिंपला की पकडच राहत नाही, त्यामुळे खोल खाचांचेच बूट हवेत.

गुडघ्यांचं दुखणं असेल तर फ्रिस्टन सोडा. गावातून वेंट हिलवरून बर्लिंग गॅप आणि त्याच वाटेने परत. अंतर बरंच कमी होतं. गोल होत नाही, पण समुद्र तोच दिसतो.

जेवणाचं मात्र आधी ठरवा. अनेक गावांतल्या पबचं स्वयंपाकघर दुपारी काही तास बंद असतं, रविवारी तर टेबल आधी राखून ठेवलेलं बरं. सकाळी साडेदहाला निघालात तर दीडपर्यंत परत याल. बसायच्या आधी बूट चांगले झटका, टेबलाचा नंबर पाहून काउंटरवरच ऑर्डर द्या. वेटरची वाट पाहत बसाल तर बसूनच राहाल. परतीची बस हमरस्त्याच्या पलीकडच्या बाजूला थांबते.