‘येतो’ म्हणून जा

प्रिय,

काल फोन ठेवता ठेवता तू जे विचारलंस, त्याचं उत्तर मी घाईत दिलं. रात्री झोप लागेना, म्हणून आता लिहायला बसले. सोमवारपासून लेक पाळणाघरात जाणार. तिथल्या ताईंनी तुला सांगितलंय की ती खेळात रमली की हळूच सटका, म्हणजे रडारड होत नाही. आणि तू मला विचारलंस, “मावशी, तसं केलं तर चालेल ना?”

नाही चालणार. तिला सांगून जा.

ती ठोकळे रचत बसलीय, एक जमला म्हणून दाखवायला मान वर करते आणि तू नाहीस. यातून ती काय शिकणार? आपण खेळात गुंतलो की बाबा नाहीसा होतो. म्हणजे उद्यापासून खेळायचं नाही, बाबावर नजर ठेवायची. मग घरीसुद्धा तू बाथरूमला गेलास तरी ती दार बडवत राहील आणि तुम्ही म्हणाल, पाळणाघरात घातल्यापासून हट्टी झाली. तू ‘येतो’ म्हणालास आणि ती रडली, तर त्या रडण्याला कारण आहे. ताई तिला कडेवर घेऊन म्हणू शकतात, “बाबा गेला ना, येणार आहे हं.” पण तू गुपचूप गेलास तर ताई तरी काय सांगणार?

मी हे केलंय, म्हणून इतकं ठामपणे लिहितेय. माझी मुलगी सोळा महिन्यांची होती. साधारण दहा ते अठरा महिन्यांच्या काळात ताटातुटीची भीती सगळ्यात जास्त असते, हे मला पुढे बालशिक्षणाचा अभ्यास करताना समजलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की रजा संपलीय. सलग आठ-नऊ दिवस मी मागच्या दाराने निघून गेले. तिचं रडणं मला ऐकू आलं नाही, म्हणून ती रडत नाही असं मी धरून चालले. त्यानंतर कितीतरी महिने ती माझं बोट मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही, आणि झोपेतही बोट सोडवलं की दचकून उठायची. माझ्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, असं मी आजही म्हणते आणि ते खोटं नाही. नोकरी हवीच होती, घरात दुसरं कुणी नव्हतं आणि सगळे तेच सांगत होते. पण ‘येते’ म्हणायला रजा लागत नव्हती.

त्याहून मोठी चूक पुढची. मी स्वतः पाळणाघरात काम करायला लागले आणि सुरुवातीची काही वर्षं आईबापांना हेच सांगत राहिले. एकाच वेळी चार मुलं रडत असली की खोली शांत राहणं ही माझी सोय होती. तुझ्या ताईंवर म्हणूनच माझा राग नाही. त्यांना शांतपणे सांग, “ती रडली तरी मी सांगूनच जाणार.” त्या ऐकतील.

जर्मनीत मुलांना रुळवण्याची एक पद्धत बर्लिनच्या नावाने ओळखली जाते. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलासोबतच बसतात, ताटातूट अजिबात नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा बाहेर जायचं, तेही फार तर अर्धा तास आणि सांगून. मूल कितपत सावरतं ते बघून पुढचे दिवस ठरतात. मुलाची ओळख आधी एकाच ताईशी पक्की होऊ देतात. तुला तीन दिवसांची रजा मिळतेय ना? मग ती खरेदीत घालवू नकोस. तिथे जाऊन जमिनीवर बस.

डब्याचा रंग आणि पिशवीवरचं नाव यांत तू आठवडा घालवलास, याची मला खरंच चीड आली. ती शू साठी घरी कुठला शब्द वापरते, हे ताईंना सांगितलंस का? झोपताना पाठीवर थोपटलेलं लागतं की नुसतं जवळ बसलेलं? ते मऊ फडकं ती सगळीकडे ओढत नेते, ते सोबत दे, आणि मळलंय म्हणून धुऊन देऊ नकोस, त्याचा वास तिला हवा असतो. डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९५३ साली अशा वस्तूंवर सविस्तर लिहिलं. आईबाप आणि बाहेरचं जग यांच्यामधला तो मुलाचा आधार असतो.

“पाच वाजता येतो” असं म्हणू नकोस. दोन वर्षांच्या मुलीला पाच म्हणजे काय कळणार? “झोपून उठलीस, बाहेर खेळलीस, की मी येतो” असं म्हण. आणि तेव्हाच ये. सुरुवातीच्या दिवसांत दहा मिनिटंसुद्धा उशीर करू नकोस.

आपल्या भाषेत निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. तिला हाच शब्द ऐकव, रोज तसाच, रोज त्याच दारात. पापी घे, ‘येतो’ म्हण आणि नीघ. एकदा ‘येतो’ म्हटल्यावर मग मात्र रेंगाळायचं नाही. तीनदा मागे वळून बघणारा बाप मुलीला हेच सांगत असतो की इथे काहीतरी भिण्यासारखं आहे. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

संध्याकाळी तुला बघताच ती भोकाड पसरेल. दिवसभर आवरून धरलेलं आपल्या माणसापुढे बाहेर पडतं, त्याने घाबरू नकोस. पहिला आठवडा बरा गेला आणि दुसऱ्या-तिसऱ्यात पुन्हा रडू सुरू झालं, असंही होतं. तेव्हा थकून एखाद्या सकाळी तुला वाटेल, आज नुसतं सटकावं. त्या दिवशीसुद्धा सांगूनच जा.

उद्यापासून घरातच सुरू कर. कचरा टाकायला खाली गेलास तरी “येतो हं” म्हण आणि आल्यावर “आलो” म्हण.

पहिल्यांदा तिला सोडून बाहेर आल्यावर तुलाच रडू आलं, तर मला फोन कर. ती सकाळ मी मोकळी ठेवेन.

तुझी,
मावशी