मुलगी चॉकलेट खात नाही, तरी दाढा किडल्या. दुधाचेच दात आहेत, तर भरायचे कशाला?

तुम्ही लिहिलंय की मुलगी दुसरीत आहे, शाळेतल्या तपासणीनंतर ‘दोन दाढा किडल्या आहेत’ अशी चिठ्ठी घरी आली, ती रोज सकाळी दात घासते, चॉकलेटही क्वचितच खाते. मग किडले कसे? आणि दुधाचेच आहेत, पडणारच, तर खर्च कशाला?

मी तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते. हे दोन प्रश्न माझ्याकडे जोडीनेच येतात. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण त्याची घाई आहे.

दुधाचे दात पडणार हे खरं, पण सगळे एकदम नाही. पुढचे सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात, म्हणून आपल्याला वाटतं की आता सगळेच चालले. दुधाच्या दाढा मात्र साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तुमची मुलगी सात वर्षांची धरली, तर किडलेली दाढ घेऊन तिला अजून तीन ते पाच वर्षं जेवायचंय. दुधाच्या दातांचं वरचं कवच पक्क्या दातांपेक्षा पातळ असतं, त्यामुळे कीड दाताच्या आतल्या नसेला पोचायला फार काळ लागत नाही. मग रात्रीचं ठणकणं, गालावर सूज, ताप, बुडालेली शाळा. आणि दाढ काढावीच लागली, तर मागची दाढ हळूहळू पुढे सरकते, खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा खाते. पुढे तारा लावायला जो खर्च येतो, त्यापुढे आजचं भरणं अगदीच स्वस्त.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. चिठ्ठीतल्या त्या दोन दाढा दुधाच्याच आहेत, हे कोणी पाहिलंय का? साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली घरात कोणाला कळतही नाही. ती पक्की दाढ असते, जन्मभराची. माझ्याकडे नऊ-दहा वर्षांची मुलं येतात, हीच दाढ अर्धी पोखरलेली असते आणि आई सांगते, ‘डॉक्टर, दुधाचीच आहे ना, काढून टाका.’ तेव्हा खरंच वाईट वाटतं. आज रात्री मुलीला आ करायला सांगा आणि मोबाइलच्या उजेडात मोजा. मधल्या रेषेपासून मागे जाताना सहावा दात दिसला, तर तीच ती.

आता किडले कसे ते सांगते. आपला ‘कीड’ हा शब्दच जरा फसवतो. लहानपणी आमच्या गावात भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातली कीड ‘पाडायचे’, वाटीतल्या पाण्यात बारीक पांढरं काहीतरी दाखवायचे. दातात अळी नसते. पाण्यात पडतं ते त्या बियांमधलंच. दातावर जंतूंचा चिकट थर असतो, जीभ फिरवली की खरखरीत लागतो तो. आपण साखर खाल्ली की ते जंतूही खातात आणि आम्ल सोडतात. त्या जागेचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 5.5च्या आसपास किंवा त्याखाली गेला की दातातला चुना विरघळू लागतो. लाळ हे आम्ल धुऊन काढते, गेलेली खनिजं काही प्रमाणात परत बसवते, पण त्याला अर्धा-पाऊण तास तरी लागतो.

तिला ती सवडच मिळाली नाही, तर?

म्हणून मी ‘चॉकलेट खाते का’ असं विचारत नाही, कालचा दिवस विचारते. उठल्यावर साखरेचं दूध. रिक्षात बिस्किटं. मधल्या सुट्टीत साखर-तूप-पोळीचा रोल. घरी आल्यावर चहात बुडवून खारी किंवा टोस्ट. खेळून आल्यावर पाच रुपयांचा पुडा, कुठलाही. अभ्यास करताना पुन्हा काहीतरी. झोपताना पुन्हा दूध, चॉकलेटची पावडर घातलेलं. म्हणजे दिवसातून सात वेळा तोंडात आम्ल तयार झालं, आणि या यादीत चॉकलेटचा एकही तुकडा नाही. बिस्किटाचा, खारीचा लगदा दाढेच्या खाचांत चिकटून बसतो, घोटभर पाण्याने निघत नाही.

स्वीडनमध्ये विपेहोल्म नावाच्या संस्थेत 1940च्या दशकात यावर एक प्रयोग झाला. तिथल्या मतिमंद रुग्णांना वेगवेगळ्या प्रकारे साखर दिली गेली. जेवणाबरोबर साखर दिली तेव्हा कीड तुलनेने कमी वाढली, दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी दिली तेव्हा ती झपाट्याने वाढली. त्या माणसांची संमती कोणी घेतली नव्हती, आज असा प्रयोग होऊच शकत नाही. पण त्यांच्या दातांची किंमत देऊन कळलेली ही गोष्ट आपण निदान वापरावी तरी. साखर एकूण किती खाल्ली याला अर्थ आहेच, पण ती कितींदा आणि कशा रूपात खाल्ली याला फार मोठा अर्थ आहे. सणाला जेवणाबरोबर दोन पुरणपोळ्या खाल्ल्या तर मी काही बोलणार नाही. तासाला एक बिस्किट खाणाऱ्या मुलाची मला जास्त काळजी वाटते.

हे मी स्वतःच्या घरात शिकले. माझा मुलगा चार वर्षांचा असताना मी त्याला संध्याकाळी दवाखान्यात घेऊन यायचे. तो गप्प बसावा म्हणून हातात बिस्किटांचा पुडा द्यायचे, तो पुडा त्याला दोन तास पुरायचा. मी आत दुसऱ्यांच्या मुलांचे दात भरत होते आणि बाहेर बाकावर माझ्याच मुलाच्या दाढा किडत होत्या. दोन भराव्या लागल्या. त्यामुळे तुम्हाला अपराधी वाटत असेल तर सोडून द्या. 2002-03च्या राष्ट्रीय मुखारोग्य सर्वेक्षणात बारा वर्षांच्या 53.8 टक्के मुलांत कीड सापडली होती. हे एका घराचं दुखणं नाही.

‘रोज सकाळी घासते’ यात दोन अडचणी आहेत. एक, सकाळी. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून रात्रीचं घासणं जास्त मोलाचं. त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही, दूधसुद्धा नाही. दुसरी, ‘घासते’. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला ते नीट जमत नाही, ती पुढचे चार दात चकचकीत करतात आणि मागे ब्रश पोचतच नाही. रात्री तिच्या मागे उभं राहा, तिचं डोकं तुमच्या पोटाला टेकवा आणि मागच्या दाढा तुम्ही घासा. दोन मिनिटांचं काम आहे, पण पहिले आठ दिवस रडारड होईल.

पेस्टची खोकी वाचा. मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच, काहींत फार कमी असतं. कवचाला पुन्हा बळकटी देणारं तेच आहे, कार्टूनचं चित्र नव्हे. 1000 पीपीएमच्या आसपास लिहिलेली घ्या. सात वर्षांच्या मुलीला वाटाण्याएवढी पुरे. थुंकायला सांगा, पण नंतर खळखळून चूळ भरायला लावू नका, फ्लोराइड धुऊन जातं. मीठ, कोळसा, राखुंडी यांत फ्लोराइड नाही, आणि राखुंडीने दात झिजतात ते वेगळंच. एक अपवाद आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं आणि मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे दिसतात. तुम्ही तिकडचे असाल तर आधी पाणी तपासून घ्या, पेस्टचं स्थानिक दंतवैद्यांना विचारा.

बाकीची कारणं भराभर सांगते. वरचेवर खोकल्याची गोड औषधं, तोंडाने श्वास घेण्याची सवय, दाटीवाटीने आलेले दात, घरात मोठ्यांच्या तोंडात न भरलेली कीड. यातलं काही तुमच्याकडे असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा.

दवाखान्यात गेल्यावर लगेच ड्रिल चालेल असं नाही. नुसता पांढरा खडूसारखा डाग असेल तर फ्लोराइडचं वार्निश लावून तो रोखता येतो. लहान खड्डा असेल तर भरतात. मूल खुर्चीत बसूच देत नसेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध लावून बऱ्याचदा कीड थांबवता येते, फक्त ती जागा कायमची काळी पडते. आईवडलांना हे आधी सांगितलं नाही की घरी जाऊन भांडणं होतात, म्हणून तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते. सहाव्या वर्षीची दाढ निरोगी असेल तर तिच्या खाचा सीलंटने बुजवून घ्या. न दुखणारं काम आहे आणि त्याची वेळ हीच.

पैशाची अडचण असेल तर ती शाळेची चिठ्ठी फेकू नका. शाळेतली तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची असेल (हा कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला), तर चिठ्ठी दाखवून सरकारी रुग्णालयात पुढचे उपचार मोफत मिळायला हवेत. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर यांच्या जवळ असाल तर तिथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. रांग मोठी असते, सकाळी लवकर जा.

आणि सहावा दात मोजून झाला की इथेच खाली कळवा. तो पोखरलेला दिसला तर पुढच्या सुट्टीची वाट बघू नका, या आठवड्यातच दाखवा.