कापूस, कर्ज आणि आगगाडी : वाचकांचे तीन प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे जलंब-खामगाव ही जुनी रेल्वे लाइन आहे. परवा घरी वाद झाला, काका म्हणाले इंग्रजांनी रेल्वे दिली, कोर्टं दिली, मार्केट दिलं, मग साम्राज्यवादाने आपलं नक्की नुकसान काय झालं? आणि मुळात ते एवढ्या लांब आले कशासाठी? (एक वाचक, बुलढाणा जिल्हा)

उत्तर : तुम्ही ज्या लाइनचं नाव घेतलं तिथूनच सुरू करू, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या लाइनमध्येच आहेत.

खामगावची ही शाखा १८७० मध्ये सुरू झाली, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. एवढ्याशा फाट्याला व्हाइसरॉय कशाला येईल? तर खामगाव ही त्या काळात कापसाची फार मोठी बाजारपेठ होती आणि तो कापूस मुंबई बंदरात आणि तिथून इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांत पोचवायचा होता. त्या गिरण्यांचा बहुतेक कापूस, साधारण चारातले तीन हिस्से, अमेरिकेतून यायचा, आणि एकाच देशावर आपण अवलंबून आहोत याची धास्ती तिथल्या मालकांना आधीपासून होतीच, म्हणून त्यांनी १८५७ मध्ये मँचेस्टरला कॉटन सप्लाय असोसिएशन नावाची संस्था काढली आणि दुसरीकडे कापूस कुठे पिकेल याचा शोध सुरू केला. वऱ्हाड त्याआधीच, १८५३ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आलं होतं. निजामाच्या नावाने जी फौज कंपनीने उभी केली होती तिच्या खर्चाची थकबाकी दाखवून काळ्या मातीचा हा अख्खा मुलूख घेतला गेला. म्हणजे कच्चा माल, तो पिकवणारी जमीन, ती ताब्यात ठेवायला फौज आणि माल न्यायला रेल्वे, हे सगळं एका साखळीत होतं. का आले याचं उत्तर एवढं सरळ आहे, बाकी सुधारणा करायला आलो वगैरे गोष्टी त्यावर नंतर चढवल्या.

आता नुकसान. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद पडला आणि १८६२ मध्ये ब्रिटनला जाणाऱ्या कापसातला मोठा हिस्सा हिंदुस्थानातून जायला लागला. भाव इतके चढले की मुंबईतले व्यापारी गावोगावच्या सावकारांना पैसे पुरवायचे आणि ते शेतकऱ्याला, दख्खनमध्ये तर कपाशीच्या एकरामागे १०० रुपयांपर्यंत उचल मिळायला लागली. ज्याला कधी कोणी दारात उभं केलं नव्हतं त्याला आता बोलावून कर्ज मिळत होतं, त्याने घेतलं, तुम्ही-आम्हीही घेतलं असतं. मुंबईत त्याच पैशावर शेअरचा नुसता धुमाकूळ चालला होता, बॅक बे हा किनाऱ्यालगतचा समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपनीचे शेअर आकाशाला भिडले. १८६५ ला युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत आला, भाव कोसळले, मुंबईत बँका बुडाल्या, प्रेमचंद रायचंदसारखा शेअरबाजारातला बडा माणूस बुडाला. पण मुंबईतल्या व्यापाऱ्यांनी निदान डाव तरी खेळला होता हो, शेतकऱ्याला डाव चालू आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं. इंग्लंडात लिव्हरपूलच्या कापूस बाजारातला भाव पडला की पाथर्डी-शिरूरकडच्या माणसाचं कर्ज का फिटत नाही हे त्याला समजण्याचा मार्गच नव्हता.

आणि त्याच सुमाराला, जुन्या सारा-आकारणीची ३० वर्षं संपली म्हणून सरकारने नवी आकारणी केली, ती काही ठिकाणी दीडपट तर काही ठिकाणी दुप्पट! भाव पडलेले, सारा वाढलेला आणि तो रोख भरायचा, धान्यात नाही. पाऊस पडो ना पडो, हप्ता ठरलेला. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे, की चांगल्या वर्षातला नफा वर जायचा आणि वाईट वर्षातला तोटा मात्र खाली शेतकऱ्याकडेच राहायचा, आणि हे बदलायला त्याच्या हातात मत नव्हतं, सभागृह नव्हतं, काहीच नव्हतं.

कापडाचं तर विचारूच नका. ज्या गाडीने गाठी जायच्या तीच गाडी येताना विलायती कापड घेऊन यायची, कोष्टी-साळ्यांचे माग बंद पडले आणि ती माणसं शेतमजुरीला लागली. पुढे मुंबईच्या आपल्या गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा १८९६ मध्ये त्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर लावला, मँचेस्टरला स्पर्धा नको म्हणून! तो १९२५ पर्यंत होता. काकांना हे आवर्जून सांगा. रेल्वे आज आपली आहे, आपण ती वापरतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ती आपल्यासाठी दिली हे म्हणणं खरं नाही.

प्रश्न : १८७५ च्या दख्खनच्या दंग्यात लोकांनी सावकारांची घरं लुटली. मग खरा दोष सावकारांचाच नाही का? इंग्रज मध्ये कुठून आले? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : सावकार काही साधू नव्हते, व्याजावर व्याज, कोऱ्या कागदावर अंगठा, हे सगळं चालायचंच आणि त्याचा राग खराच होता. पण सावकार तर पेशवाईतही होते, तेव्हा कर्जापायी जमीन अशी सहज हातची जात नव्हती, गावाची पांढरी, पाटील, पंचायत यांचा थोडा तरी वचक असायचा. इंग्रजी अमलात जमीन विकता-गहाण टाकता येणारी वस्तू झाली आणि सावकाराच्या मागे दिवाणी कोर्ट उभं राहिलं. शेतकऱ्याला समन्स वाचता यायचं नाही, तो तालुक्याला जायचा नाही, निकाल एकतर्फी लागायचा आणि जप्ती यायची. १८५९ चा मुदतीचा कायदा तर म्हणे ऋणकोच्या भल्यासाठी केला होता, कर्जरोखा तीनच वर्षं चालेल असा, पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घ्यायला लागले आणि कर्ज उलट फुगत गेलं.

म्हणून १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोक जमले तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी काय मागितलं बघा, वह्या आणि रोखे. पुणे-नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत हेच झालं, कागद हातात आले की जाळायचे, माणसांना मारझोड त्या मानाने फारच कमी झाली. कागद का जाळले, तर कोर्ट तोच मानत होतं. सरकारने कमिशन नेमलं, १८७९ ला शेतकऱ्यांच्या रक्षणाचा कायदा केला, पण साऱ्याचे वाढीव दर हे दंग्याचं कारण आहेत हे काही मनापासून मान्य केलं नाही.

प्रश्न : १८७६ चा दुष्काळ पाऊस न पडल्यामुळे आला, त्याचं खापर साम्राज्यवादावर कसं फोडणार? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : पाऊस पडला नाही हे खरंच. पण दुष्काळात धान्य संपलं म्हणून माणसं मेली असं नाही, धान्य विकत घ्यायला त्यांच्याकडे पैसा नव्हता म्हणून मेली, आणि त्याच काळात देशातून गहू परदेशी जात होता. सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३-७४ मध्ये बिहारच्या टंचाईत ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोकांना जगवलं होतं, म्हणजे जमत होतं! पण त्याबद्दल त्याच्यावर उधळपट्टीची टीका झाली आणि १८७७ मध्ये तोच माणूस काटकसर करायला इकडे आला. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या गड्याची मजुरी त्याने दिवसाला १ पौंड धान्याची किंमत अधिक १ आणा एवढ्यावर आणली. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी, त्यावर दिवसभर खडी! मुंबई इलाख्यात मजूर कामं सोडून निघून गेले आणि गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, यांच्या पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. त्याच जानेवारीत दिल्लीला व्हिक्टोरिया सम्राज्ञी झाल्याचा दरबार भरला होता. या दुष्काळात देशभर मिळून ५० लाखांहून जास्त माणसं गेली असं मानतात, तुमच्या सोलापूर जिल्ह्यालाही त्याची मोठी झळ लागली. वासुदेव बळवंत फडके गावोगाव फिरले ते याच वर्षांत, आणि १८७९ ला रामोशांना घेऊन उठले.

त्यानंतर मग सरकारने दुष्काळाचे नियम लिहून काढले. पुढे १८९६ ला परत दुष्काळ पडला तेव्हा सार्वजनिक सभेची माणसं, आता टिळकांच्या पुढाकाराने, खेड्यांत जाऊन लोकांना तेच नियम समजावून सांगायला लागली, पीक बुडालं असेल तर सारा माफ करून मागा, घाबरू नका. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.